बॉनेटला सहा, बंपरला तीन
2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबर अंथरून गिनीज विक्रम झाला. वऱ्हाडातली धूळ मात्र तीच, काळ्या मातीची. ती गाडीवरून कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मग उन्हात बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसलं की विचारायचं, ‘काहून झालं बाप्पा असं?’ रबिंगवाल्याकडं गेलात तर आधी त्याच्या पॉलिशच्या मशीनचा पॅड बघा. सहा इंची पॅड बॉनेट-टपाला उत्तम, पण बंपरच्या वळणावर तो एकाच कडेनं टेकतो आणि ड्युअल ॲक्शन मशीन नुसतं थरथरतं, पॅड फिरतच नाही. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा: दिसेनाशी झाली तर काम चालू, जागेवर दिसत राहिली तर पॅड अडलाय. तिथं तीन इंचीच लावायचा. एकच घ्यायचा झाला तर मी पाच इंची घेईन. मात्र मे महिन्यात अकोल्याच्या उन्हानं तापलेल्या पत्र्यावर कुठलाच नको; कंपाउंड जागच्या जागी वाळतं. आणि दाराच्या कडा आधी चिकटपट्टीनं झाका, तिथला क्लिअर कोट मुळातच पातळ असतो.