‘ही’ म्हणजे कोण, ते आधी सांगा

‘आय डिडन्ट वेंट’ असं कोणाच्या तोंडून निघालं की आपल्याकडे चारचौघांत जी खसखस पिकते, तिची मला मनापासून चीड आहे. बोलणारा कानकोंडा होतो आणि हसणारे आपण ‘कॉन्व्हेंट’चे असल्याची एकमेकांना पावती देतात. पण बाबांनो, त्याचं म्हणणं तुम्हाला कळलं ना? तो गेला नव्हता. माणूस कळला, काळ कळला, नकार कळला. भूतकाळ फक्त दोनदा लागला, एकदा ‘डिड’च्या रूपाने आणि एकदा ‘वेंट’च्या. चूक आहेच, पण ती दोन मिनिटांत सुधारते: ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मुकाट्याने मूळ रूपात ठेवायचं. त्यासाठी कोणाची अब्रू काढायचं कारण नाही.

आता हेच हसणारे स्वतः काय लिहितात ते बघा. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मध्यंतरी नोटीस लागली. इंग्रजीत, अर्थात, मराठीत लिहिली तर जागेचे भाव उतरतात अशी कमिटीची श्रद्धा असावी. मजकूर असा: ‘द सेक्रेटरी हॅड मेट द कॉन्ट्रॅक्टर अँड ही टोल्ड दॅट ही वुड बी क्लिअरिंग हिज बिल आफ्टर ही कम्प्लीट्स द वर्क टू हिज सॅटिसफॅक्शन.’

एका वाक्यात तीन ‘ही’ आणि दोन ‘हिज’. बोललं कोण, सेक्रेटरी की कंत्राटदार? बिल सेक्रेटरी देणार आणि काम कंत्राटदार करणार, एवढं आपण व्यवहारज्ञानाने लावून घेतो. पण काम नेमकं कोणाच्या समाधानाचं व्हायला हवं? कंत्राटदार तर पहिल्या दिवसापासूनच समाधानी असतो! पैसे सगळे त्या एका ‘हिज’वर अडकलेत आणि तो ‘हिज’ बेवारस आहे. या नोटिशीला कोणी हसलं नाही. उलट ‘साहेबांचं ड्राफ्टिंग चांगलं आहे’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

साहेबांची क्रियापदंही बघून घेऊ. ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. पुढे काही घडलंच पाहिजे अशी त्यात अट नाही. ते जसंच्या तसं उचलून ‘आय हॅड गॉन’ केलं की इंग्रजी वाचणारा थबकतो. हा आधी गेला होता, बरं, मग नंतर काय झालं? तो दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो आणि ती येतच नाही. साधं ‘वेंट’ पुरलं असतं, ‘हॅड मेट’च्या जागी साधं ‘मेट’. ‘वुड’चंही तेच. आपल्याकडे ‘विल’ उद्धट आणि ‘वुड’ सभ्य, असा समज कोणी पसरवला कोण जाणे. त्यामुळे निमंत्रणपत्रिका सांगते, ‘द फंक्शन वुड बी हेल्ड ॲट सिक्स’. वाचून वाटतं, कार्यक्रम झाला असता हो, पण काहीतरी आड आलं.

याचं मूळ शाळेत आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे ‘गो-वेंट-गॉन’ची घोकंपट्टी सहाव्या वर्षी सुरू होते आणि दहावीपर्यंत कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप भरण्यात मुलांचं बालपण सरतं. हा प्रश्न परीक्षकांचा लाडका, कारण उत्तर एकच असतं आणि पेपर भराभर तपासून होतात. ‘ही म्हणजे कोण’ हे रिकाम्या जागेत विचारता येत नाही. त्यासाठी मुलाकडून पानभर लिहून घ्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते वाचावं लागतं.

त्यात सर्वनामाची व्याख्याच अशी शिकवलेली, की नामाची पुनरुक्ती टाळण्यासाठी वापरतात ते सर्वनाम. झालं! पुनरुक्ती हे जणू पातक. एकदा ‘कॉन्ट्रॅक्टर’ लिहिलं की तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, मग वाचक खड्ड्यात गेला तरी चालेल. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाची आपल्याकडे घरोघर पूजा होते. पण त्यातले रेनसाहेब म्हणजे 1924 साली ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीची साहसकथा लिहिणारे कादंबरीकार, हे किती भक्तांना ठाऊक असतं? गोष्ट सांगणाऱ्याला गोळी कोणी झाडली आणि कोणाला लागली हे स्पष्ट ठेवावंच लागतं. आपल्या नोटिशीत गोळी सुटते, बाकी देवाला ठाऊक.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण आहे आणि ती त्याला कोणी सांगत नाही. ‘रमेशने सुरेशला आपली गाडी दिली’ म्हटलं की गाडी रमेशची. ‘त्याची गाडी’ म्हटलं की ती रमेशची नव्हे, हे आपल्याला न शिकवता कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज कार’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘आपली’ असतं, कागदावर ‘हिज’ उतरतं, आणि त्याला स्वतःला सगळं लख्ख दिसत असल्यामुळे गोंधळ झाल्याचा पत्ताच लागत नाही. ही सोय इंग्रजीत नाही, तिथे नाव पुन्हा लिहा, एवढं एक वाक्य दहा वर्षांत एकाही वर्गात कोणी बोललं असतं तर!

कचेरीतलं इंग्रजी तर याच्याही पुढे गेलंय. तिथे ‘द सेम’ नावाचा सर्वव्यापी आत्मा वास करतो. ‘वुई हॅव रिसीव्ड द ड्रॉइंग अँड द रिव्हाइज्ड कोटेशन, काइंडली अप्रूव्ह द सेम.’ मंजूर काय करायचं, ड्रॉइंग की कोटेशन? विचारलं तर उत्तर येतं, ‘अहो, संदर्भाने कळतं.’ संदर्भ तुमच्या डोक्यात आहे, साहेब. मला फक्त ईमेल आलंय.

दुसऱ्या टोकाला शुद्धतेचे पहारेकरी. एका माणसासाठी ‘दे’ वापरलेलं दिसलं की यांचा रक्तदाब वाढतो. 2019 साली मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं तेव्हा भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. हीच मंडळी समोरच्या एकट्या माणसाला बिनदिक्कत ‘यू आर’ म्हणतात. ते ‘आर’ मुळात अनेकवचनीच आहे! अठराव्या शतकात एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणणारे पुष्कळ होते. 1762 मध्ये व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट लाउथने त्यांना झोडपलं आणि अनेकवचनी क्रियापद एकट्या माणसाच्या गळ्यात कायमचं पडलं. आपल्याकडे 1897 च्या सामान्य परिभाषा कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही आल्या. तेव्हा एकवचनी ‘दे’शी माझं भांडण नाही. एकाच वाक्यात कंपनीही ‘दे’ आणि कामगारही ‘दे’ झाले, की मात्र मी लेखणी उगारतो.

आता नवा युक्तिवाद निघालाय: व्याकरण मशीन बघून घेईल. क्रियापदापुरतं ते खरंही आहे. ‘डिडन्ट वेंट’खाली फोनसुद्धा रेघ मारतो, म्हणजे शाळेने दहा वर्षं घोकून घेतलेलं काम आता फुकटात होतं. पण ‘हिज सॅटिसफॅक्शन’ व्याकरणात चोख बसतं, त्याखाली रेघ कशाला येईल? समाधान कोणाचं हे मशीनला ठाऊक नाही, आणि दुरुस्त करायला सांगितलंच तर ते एक नाव ठोकून देतं, मोठ्या आत्मविश्वासाने, आमच्या सेक्रेटरीसारखं. म्हणून मास्तर, कंस आता पुरे. मुलाला पानभर लिहायला लावा, ते शेजारच्या मुलाकडून वाचून घ्या, आणि प्रत्येक ‘ही’, ‘इट’, ‘दे’पाशी त्याला एवढंच विचारायला सांगा: कोण? दोन उत्तरं आली की गुण कापा. तपासायला वेळ लागेल. लागू दे.