आधी त्याचं पाणी, मग आपले कपडे



हल्ली मुलं कुत्र्याला सोबत घेऊन सायकलवर लांबच्या प्रवासाला निघतात. जव्हार-मोखाड्याचे घाट त्यांना खुणावतात. सामान थोडकं हवं, हे खरंच. आपले दिगंबर मुनी पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर विहार करतात. मुलांना दोन जोड कपडे पुरेत.

पण कात्री लावायची ती आपल्या कपड्यांना, कुत्र्याच्या पाण्याला नाही. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, म्हणून तेच आधी काढलं जातं. मोखाड्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतात. तिथे वाटेत पाणी मिळेलच, या भरवशावर निघू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून ते थंड होतं. तापल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. सोबत नेलेल्या मुक्या जिवाला तहानलेलं ठेवणं हा शेवटचाच अतिचार. पिशवीत आधी त्याचं पाणी, वाटी आणि खाणं ठेवायला सांगा. उरलेल्या जागेत आपलं. परिग्रह कमी करताना दया कमी व्हायला नको.