बिऱ्हाडाबरोबर हलणारे सांधे

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील कर्त्या माणसास प्रथम आठवते ती मुलांची शाळा आणि तिच्या पाठोपाठ आठवते ते कपाट. भांडी पोत्यात भरता येतात, पुस्तके पेट्यांत जातात, गाद्यांच्या वळकट्या होतात. परंतु सहा फूट उंचीचे कपाट आणि दोन माणसांचा पलंग यांचे काय करावयाचे, हा प्रश्न रेल्वे, बँका, सैन्य, टपालखाते यांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांपुढे दर तीन-चार वर्षांनी नव्याने उभा राहतो. सुट्या भागांचे, घरी आणून जोडावयाचे ‘मॉड्युलर’ फर्निचर बाजारात आले तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांस वाटले. पहिल्या बिऱ्हाडी असे कपाट ऐटीत उभे राहते. दुसऱ्या गावी ते जरा कुरकुरते. तिसऱ्या गावी त्याचे दार जमिनीला घासू लागते आणि चौथ्या गावी ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. अशा वेळी आपण ‘लाकूडच हलके होते’ असे म्हणून मोकळे होतो. लाकूड हलके असतेही. पण पुष्कळदा मोडतो तो सांधा. तेव्हा फळीच्या रंगापूर्वी सांधा पाहावयास शिकले पाहिजे, आणि तोही घट्ट किती बसतो एवढेच नव्हे, तर सुटतो कसा हे पाहिले पाहिजे.

सांध्यांचा बाजार पाहावयाचा असेल तर चेन्नईच्या जॉर्ज टाउनसारखी जागा नाही. १९९६ पर्यंत मद्रास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराचा हा जुना व्यापारी भाग. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आश्रयाने त्याच्या उत्तरेस तो वाढला, आणि एका गल्लीत एकच धंदा ही रीत येथे अजून बरीच टिकून आहे. अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, गोडाउन स्ट्रीटवर कापड. तसेच लोखंडी सामानाच्या गल्ल्यांत बिजागऱ्या, कड्या, कुलपे, बोल्ट आणि फर्निचर जोडावयाचे शेकडो प्रकारचे लहानमोठे तुकडे. याच वस्तीत तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळ देवीचे मंदिर आहे. त्याची व्यवस्था विश्वकर्मा समाजाकडे, म्हणजे लोहार, सुतार, कांस्यकार, पाथरवट आणि सोनार या पाच कारागिरांच्या समाजाकडे आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनास आले होते, असे येथील परंपरा सांगते. मराठी माणूस या मंदिरात जातो तो बहुधा त्या आठवणीने. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र लोहार आणि सुतार एकाच देवीपुढे उभे राहतात ही गोष्ट अधिक मोलाची आहे; कारण सुट्या फर्निचरचा सारा इतिहास म्हणजे सुताराच्या हातातील सांधा हळूहळू लोहाराच्या हाती कसा गेला, याचाच इतिहास आहे.

जुन्या सुताराचा सांधा लाकडाचाच असे. एका लाकडास खाच, दुसऱ्यास कुसू; कुसू खाचेत बसवावयाचे, आडवी खुंटी मारावयाची, वाटल्यास सरस लावावयाचा. पेटीच्या कोपऱ्याला पारव्याच्या शेपटीसारखे दाते कापले की त्या फळ्या एका दिशेने तरी सुटणे अशक्य. अशा सांध्यात एक मोठी सोय होती. दोन लाकडांस एकमेकांकडे ओढून धरणे आणि त्यांस बाजूला सरकू न देणे, ही दोन्ही कामे एकच लाकूड करीत असे. परंतु सरस लागला की वस्तू कायमची झाली.

फिरतीवर असलेल्या माणसास कायमची वस्तू उपयोगाची नव्हती. कंपनी सरकारच्या काळातील लष्करी अधिकारी छावणीबरोबर आपले सामानही हलवीत. त्यांचे खणाचे कपाट दोन भागांत सुटत असे, पाय पेचाने काढता येत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत आणि बैलगाडीत एकमेकांवर रचता यावे म्हणून कड्यासुद्धा लाकडात बसवलेल्या असत. या घराण्यातील सर्वांत हुशार वस्तू म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्धीस आलेली रुडकीची खुर्ची. तेथील लष्करी अभियंत्यांच्या तळावरून तिला हे नाव मिळाले. चार कातलेले पाय, चार आडव्या काठ्या आणि बैठकीस कॅनव्हास. तिला सरस नाही, खिळा नाही. काठीचे टोक गाजरासारखे निमुळते असते आणि पायातील भोकही तसेच निमुळते. माणूस बसला की कॅनव्हास व पट्टे ताणले जातात आणि त्या ताणाने टोक भोकात अधिकच घट्ट बसते. जमीन उंचसखल असेल तर खुर्ची थोडी मुरडते, पण चारही पाय टेकवून उभी राहते. लाकूड हवेने थोडे आक्रसले तरी बिघडत नाही. टोक केसभर आत सरकते इतकेच. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट या रचनाकाराने १९३३ मध्ये हाच नमुना घेऊन आपली सफारी खुर्ची केली आणि मग तो दिवाणखान्यांत मिरवू लागला.

वास्तविक हे तत्त्व आपल्यास परके नव्हते. खेड्यातील बाज आठवा. चार पाय, चार गाते, आणि सुंभाची वीण. गाते पायांत नुसते बसवलेले असतात. दोरी ताणली की सारा सांगाडा आवळला जातो, आणि बाज सैल झाली तर पायथ्याची दोरी पुन्हा ओढावयाची. त्यासाठी सुतारास बोलवावे लागत नसे. फरक एवढाच की बाजेचे चित्र कोणी यादीपुस्तकात छापले नाही.

लोहाराचा हात प्रथम ठळकपणे दिसला तो व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांच्या १८५९ सालच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत. वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावत. स्क्रू सैल झाला तर पुन्हा पिळता येई, आणि खाली घट्ट लाकूड असल्यामुळे तो धरीही.

खरी अडचण आली ती पार्टिकल बोर्ड घरोघरी आल्यावर. लाकडाचे बारीक तुकडे चिकट द्रव्यात दाबून केलेली ही फळी सपाट व स्वस्त असते, पण तिला रेषा नसतात. आणि जुन्या सांध्याची सारी ताकद लाकडाच्या लांब रेषांत होती. या फळीला पारव्याची शेपटी कापली तर ती हातातच चुरते. तिच्या तोंडावर मारलेला स्क्रू बरा धरतो, कडेत मारलेला फार कमी. आणि तोच स्क्रू काढून पुन्हा मारला की भोकातला भुसा मोकळा होतो. म्हणून रचनाकारांनी सांधा लाकडातून काढून धातूत नेला.

आपले कपाट जोडावयास येणारा मिस्त्री ज्यास ‘मिनिफिक्स’ म्हणतो तो सांधा असा चालतो. एका फळीच्या तोंडावर धातूची पिन घट्ट बसवतात. दुसऱ्या फळीच्या कडेतून ती पिन आत जाते आणि तिचे डोके फळीतील १५ मिलिमीटर व्यासाच्या गोल खड्ड्यात येते. त्या खड्ड्यात एक लहानशी चकती असते. तिच्या पोटातील खोबण मध्यापासून हळूहळू दूर सरकत जाणारी असते. स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा दिला की ती खोबण पिनेचे डोके पकडून आपल्याकडे ओढते आणि फळ्या एकमेकींस भिडतात. येथे एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. ही चकती फक्त ओढते. पुस्तकांचे वजन खाली दाबते तेव्हा फळीस सरकू न देण्याचे काम शेजारच्या लाकडी खुंटीचे असते. जुन्या कुसवाने एकट्याने केलेली दोन कामे आता दोघांत वाटली गेली आहेत. जोडताना खुंट्या उरल्या तर मिस्त्री ‘नसल्या तरी चालतात’ म्हणतो. त्या चालत नाहीत. कपाट कलंडू न देणारा तिसरा भागीदार म्हणजे पाठीमागची पातळ फळी. ती नसली किंवा तिचे खिळे निघाले की उभा चौकोन तिरपा होतो, आणि चारही कोपऱ्यांतील पिना भोके रुंदावीत बसतात.

आता ‘मॉड्युलर’ हा शब्द. सांधा एकदा धातूचा झाला की त्याची भोके ठरावीक अंतरावर पाडता येतात, आणि मग कोणतीही फळी कोठेही बसते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत रूढ झालेली ३२ मिलिमीटरची पद्धत ती हीच. पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर उभी रांग, ५ मिलिमीटरची भोके, दोन भोकांत ३२ मिलिमीटर अंतर. अनेक भोके एकदम पाडणाऱ्या यंत्रातील दातेरी चाके याहून जवळ बसविणे अवघड होते, म्हणून हा आकडा ठरला असे सांगतात. बिजागरीची पट्टी, खणाची सरक, फळीचा आधार, सारे याच भोकांत बसते. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिट्झ हालर या वास्तुशिल्पज्ञाने तर १९६३ पासून सांध्यालाच आधी जन्म दिला. सहा बाजूंस आटे पाडलेला धातूचा एक चेंडू. त्यास हव्या तितक्या नळ्या जोडाव्या, मग त्याचे कपाट होवो की टेबल. तेथे धातू धातूलाच पिळला जातो, म्हणून कितीदाही सुटतो. ती वस्तू आपल्या खिशास परवडणारी नाही, पण तिच्यातील शहाणपण परवडते.

पलंग घेताना बाजूची पाटी डोक्याच्या फळीस कशी जोडली आहे ते वाकून पाहावे. लाकडात आडव्या भोकात गोल धातूचा नट आणि त्यात जाणारा लांब बोल्ट असेल, तर तो पलंग दहा बदल्या सोशील. नुसते लाकडी स्क्रू असतील तर दोन. कपाट सोडताना चकती अर्धा फेरा उलट फिरवावी आणि पिनेस हात लावू नये; ती फळीतच राहू द्यावी. जे सांधे खराब होतात ते पुष्कळदा पिना ‘नीट जपून ठेवण्यासाठी’ काढल्यामुळेच. भरलेले कपाट ओढू नये, रिकामेही उचलूनच न्यावे, कारण ओढताना सारा भार सांध्यांवर आडवा येतो. सांडलेले वा पावसाचे पाणी साचेल तेथे खालच्या फळीची कड जमिनीस टेकू देऊ नये. ती कड एकदा फुगली की कोणतीही चकती तिला धरीत नाही. उंच कपाट भिंतीस पट्टीने बांधण्याचे काम मात्र पहिल्याच दिवशी करावे. लहान मूल उघड्या खणांवर पाय देऊन चढते तेव्हा कपाट पुढे येण्यास वेळ लागत नाही.

सोडलेले बोल्ट, चकत्या आणि खुंट्या यांची एक कापडी पिशवी करून ती ज्या फळीची असेल त्याच फळीस बांधावी, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीने एकच अंक लिहावा. चकत्या आणि पिना डझनभर अधिक घेऊन ठेवाव्यात. जॉर्ज टाउनसारख्या बाजारात त्या सुट्या मिळतात. नेताना जुना तुकडा बरोबर न्यावा. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन चकत्यांत एका मिलिमीटरचा फरक असला तरी त्यांपैकी एकच बसते.