तहान नाही म्हणणाऱ्यांची जात

पेणला रोह्याची गाडी पकडा. कासू, नागोठणे, निडी, रोहा. गर्दी अशी की शेजारच्याचा घाम आपल्या शर्टाला लागतो. मांडीला मांडी. कुणी तंबाखूची डबी पुढं करतो, कुणी शेंगा सोलून हातावर ठेवतो. भाताचं बोलणं निघतं, पावसाचं निघतं, पोरांच्या नोकरीचं निघतं. माणूस माणसाशी बोलायला किती भुकेला असतो ते या डब्यात कळतं. मग कासू गेलं की प्रश्न येतो. गाव कुठलं? सांगितलं. आडनाव काय? सांगितलं. वस्ती कुठली? तीही सांगितली. समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो. डबी खिशात जाते. रोह्यापर्यंत दोघंही गप्प. मांडीला मांडी मात्र लागलेलीच.

रोह्यापर्यंत रूळ १९८६ साली आले. पुढं कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ पासून गाडी थेट गोव्याच्या पल्याड जायला लागली. डोंगर फोडले, बोगदे पाडले, दऱ्यांवर पूल टाकले. या बाकड्यावरची वीतभर जागा अजून कुणाला फोडता आली नाही.

सध्या जगात एकटेपणाची मोठी चर्चा आहे. इंग्लंडनं २०१८ साली त्यासाठी खास मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२५ मध्ये अहवाल काढला: जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणानं ग्रासलंय, आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार माणसं मरतात. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडचे पांढरपेशे त्यावर जे उपाय सांगतात ते वाचून हसू येतं. मोबाईल बाजूला ठेवा. छंद जोपासा. शेजाऱ्याशी बोला. कुठल्या शेजाऱ्याशी, साहेब? तुमचा शेजारी ठरवताना तुम्ही आधी आडनाव विचारलं होतं ना? आमच्याकडं माणसाला एकटं पाडण्याचं खातं दोन हजार वर्षं जुनं आहे. त्याचा मंत्री मनू. त्या खात्याला बजेट कधी कमी पडलं नाही.

२०११–१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात शंभरातल्या सत्तावीस घरांनी 'आम्ही शिवाशीव पाळतो' असं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. न कबूल करणारे वेगळे. जातीबाहेरची लग्नं शंभरात जेमतेम पाच. आता सांगा, हा रोग मनाचा की गावाच्या नकाशाचा?

मी दहावी पास. खाडीवरच्या एका धक्क्यावर कंत्राटी कामगार. बार्जमधला कोळसा क्रेन उचलते, पण तळाला नि कोपऱ्यात जे उरतं ते फावड्यानं ओढून गोळा करायला माणूसच लागतो. तो माणूस मी. रात्री कविता लिहितो. नखांतला कोळसा वहीला लागतो.

बार्जच्या पोटात सगळ्यांची तोंडं काळी. तिथं जात दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत तोंड धुतलं की दिसायला लागते. तरी माझा एक जोडीदार होता. कुठल्या जातीचा ते लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच त्याला खणात टाकून मोकळे व्हाल. वर्षभर आम्ही एका फावड्यानं आलटून पालटून काम केलं. माझ्या आयेच्या हातची भाकर त्यानं खाल्ली, माझ्या बाटलीला तोंड लावलं. एकदा शिडीवरून माझा पाय सटकला तेव्हा मनगट धरलं ते त्यानं. त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. मी मनात म्हटलं, हा आपला.

मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. सगळ्या गँगला पत्रिका. मला नाही. हळदीचे फोटो मी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर बघितले. मुकादम नाचत होता. चार दिवसांनी तो कामावर आला. माझ्याकडं न बघता बोलला, "गावकी हाय रं. तुला मांडवात बसवला तं आमालाच वाळीत टाकतील. दंड येगळा. बहिनीचं लगीन व्हतं, समजून घे."

समजून घे! आमच्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? मी फावडं टाकलं नि बार्जच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तेव्हापासून तो त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. मध्ये कोळसा.

तीन महिने मी त्याला शिव्या घातल्या. कवितेतून घातल्या, त्या छापूनही आल्या, तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता जे लिहितोय त्याला टाळ्या पडणार नाहीत.

तो खोटं बोलत नव्हता. रायगडात गावकी काय चीज आहे ते आपल्याला ठाऊक आहे. २०१३–१४ च्या सुमाराला इथल्या वाळीत प्रकरणांनी पेपर भरले होते. कुणी निवडणुकीत गावकीच्या माणसासमोर उभा राहिला, कुणी जातीबाहेर लग्न केलं, कुणी दंड भरला नाही. मग दुकानदार मीठ देत नाही, चक्कीवाला दळत नाही, कुणी बोलत नाही, मयताला खांदा नाही. जो बोलेल त्यालाही दंड. ही घरं बहुतेक आपली नव्हती. गावातली होती. कालपर्यंत गावकीच्या बैठकीत मांडी घालून बसणारी होती. तेव्हा आपल्यातले पुष्कळ म्हणाले, बरं झालं, घ्या आता चव. आम्ही दोन हजार वर्षं चाखतोय, तुम्ही दोन वर्षं चाखा. मीही तसंच म्हणायचो.

पण बाबासाहेब तसं म्हणाले नव्हते. १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सभासद होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे की हक्क मागणाऱ्या अस्पृश्याला चिरडायला गावाच्या हाती बहिष्कार हे सगळ्यात भयंकर हत्यार आहे. मारहाण दिसते, बहिष्कार दिसत नाही. पुढं १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिलं, त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. नमुना घेतला ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा. ऐकलं कुणी नाही. १९४९ साली मुंबई प्रांतानं जातबहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता, तोही सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात वाळीतीवर स्वतंत्र कायदा पुन्हा यायला २०१७ चा जुलै उजाडला. विधिमंडळानं तो १३ एप्रिल २०१६ ला मंजूर केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तो यायला जी प्रकरणं कारण झाली त्यांत आपला रायगड पुढं होता.

म्हणजे बाबासाहेबांनी १९४७ साली जे आपल्यासाठी मागितलं, ते सत्तर वर्षांनी गावातल्यांच्या अंगाशी आल्यावर मिळालं. यातली मेख बघा. गावकी ज्या दोरीनं आम्हाला बाहेर बांधते त्याच दोरीनं आपल्या माणसांना आत बांधते. माझ्या जोडीदाराच्या मानेवर गावकीचा पाय आहे. माझ्या मानेवर गाव नि गावकी दोन्ही. वजनात फरक आहे, तो मी विसरणार नाही. पण पाय एकाच धडाचे आहेत.

आता १९२७ चं सांगतो. महाड सगळे सांगतात, धरमतर कुणी सांगत नाही. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर काय झालं ते पाठ आहे: लाठ्या बसल्या, १०८ घागरी पंचगव्य घालून तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मुंबईहून महाडला यायची नेहमीची वाट धरमतरवरून. पण तिथले बसवाले आपल्या माणसांना गाडीत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून बाबासाहेब नि प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीनं समुद्रमार्गे दासगावला उतरले. हिशेब असा, की तिथून बस नाही मिळाली तरी पाच मैल चालत महाड गाठता येतं. ज्या खाडीत मी फावडं मारतो तिचा धक्का टाळून माझ्या बापाला वळसा घालायला लागला. रात्रपाळीला पाण्याकडं बघताना हे आठवतं आणि झोप उडते.

पण त्याच डिसेंबरात आणखी दोन गोष्टी झाल्या. महाडात परिषदेला जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जमीन दिली. आणि २५ तारखेला मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्मानं ब्राह्मण. त्यांनी आम्हाला मिठ्या मारल्या नाहीत, 'आपण सारे एक' अशी भजनं म्हटली नाहीत. एकानं जमीन दिली, दुसऱ्यानं आपल्याच घरच्या पोथीला काडी लावायचा ठराव मांडला. नातं असं जुळतं. किंमत मोजून. किंमत न मोजता जुळतं ती समरसता, आणि ती मांडवाच्या दारापर्यंतच येते.

इथं थांबलो असतो तर लेख बरा झाला असता. पण माझं स्वतःचं राहिलंय.

धक्क्यावर महिनाभर एक कातकरी पोरगा आला होता. रोह्याकडच्या एका वाडीतला. कातकरी म्हणजे ज्यांना सरकार आदिम जमात म्हणतं नि गाव काहीच म्हणत नाही. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला गोळ्या खाऊन पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? त्या पोरानं मला घरी नेलं. ऑक्टोबरचं ऊन. तीन किलोमीटर चाल. कुडाची झोपडी, तीही दुसऱ्याच्या जागेवर. त्याची आये बाहेर आली. हात पुसले, पदर नीट केला, तांब्याभर पाणी पुढं धरलं. "पी रं बाला."

मी म्हणालो, तहान नाही.

घसा कोरडा ठाक पडला होता. तरी तोंडातून तेच निघालं. विचार करून नाही, आपोआप. आमच्या घरी आलेला मास्तर जसं म्हणायचा, "आत्ताच चहा झाला." तलाठी म्हणायचा, "आज उपास आहे." लहानपणी त्यांच्या त्या वाक्यांवर मी कविता केल्या. आणि माझ्या तोंडात तेच वाक्य दबा धरून बसलं होतं, जीभ बदलून. बाई काही बोलली नाही. तिनं ते पाणी दारातल्या भोपळ्याच्या वेलीला घातलं. तिला सवय होती. याचीच लाज वाटते.

परतताना नागोठण्याला उतरून पाण्याची बाटली घेतली. वीस रुपये. उभ्यानं रिकामी केली. तहान गेली नाही.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. भाषणात आपण तो शब्द वरच्या पायरीकडं बोट दाखवून वापरतो. खालच्या पायरीवर आपला पाय कुणाच्या बोटांवर आहे ते बघत नाही. 'बामणवाद मुर्दाबाद' मी घसा फोडून ओरडलोय, पुढंही ओरडीन. पण तो बामण फक्त पेठेत राहत नाही. त्या दिवशी तो माझ्या घशात बसला होता.

म्हणून, दोस्तहो, माझं म्हणणं मांडतो. पटत नसेल तर भांडा.

एक. रायगडात कुणाचंही घर वाळीत पडलं, ते घर काल आपल्याला पाणी न देणारं असलं तरी, त्याच्या दारात पहिला तांब्या आपला गेला पाहिजे. दया म्हणून नव्हे. गावकीची भिंत आतून फोडणारा माणूस आपल्याला दुसरीकडं मिळणार नाही. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. २०१६ च्या कायद्याचं नाव घेऊन तक्रार लिहा. लिहून घेत नसतील तर तिथंच बसा.

दोन. आपल्या वस्तीनं, आपल्या मंडळानं, आपल्या गटानं कुणाशी बोलणं बंद केलंय त्याची यादी करा. दुसऱ्या गटाचा म्हणून, जातीबाहेर लग्न केलं म्हणून, धम्माचा वाद घातला म्हणून. ती यादी वाचायला धीर लागेल.

तीन. कातकरीवाडीत भाषण द्यायला जाऊ नका. पाणी प्यायला जा.

दिवाळीनंतर मी परत गेलो. एकटाच, भर दुपारी, तहान साठवून. वाडी रिकामी. उचल घेऊन सगळे वीटभट्टीवर गेलेले. झोपडीच्या दाराला काटक्या लावलेल्या, वेल सुकलेला. कुठल्या भट्टीवर ते कुणाला धड सांगता आलं नाही. पावसाच्या तोंडाला परत येतात म्हणे.

पाऊस अजून लांब आहे. तोवर एक काम आहे. उद्याच्या पाळीला बार्जच्या त्या कोपऱ्यात जायचं, आणि माझी बाटली त्याच्यासमोर ठेवून विचारायचं: गावकीला लेखी कधी देतोस? मी आहे साक्षीला.

तो काय म्हणेल माहीत नाही. 'तहान नाही' म्हणाला, तर ती बाई त्या दिवशी जशी गप्प राहिली तसा मी गप्प राहणार नाही.

जयभीम.