खुनी कोण ते खुशाल सांगा!

चाळीत राहणाऱ्या माणसाला गुपिताची सवय नसते. गिरगावात तर नाहीच नाही. पलीकडच्या खोलीत फोडणीला काय पडलं ते अलीकडच्या खोलीला नाकाने कळतं, आणि मुलीला बघायला कोण आलं होतं ते अख्ख्या मजल्याला कानाने! अशा मुलखात रहस्यपटाचं रहस्य टिकावं कसं? मॅजेस्टिक थिएटर उभं होतं तेव्हाची गोष्ट. तीनचा खेळ बघून परतणारा गृहस्थ सहाच्या खेळाला निघालेल्याला जिन्यातच गाठायचा. "जा, जा. फक्त त्या माळ्यावर लक्ष ठेवा!"

या माणसावर सगळं जग चिडतं. माझा राग दुसऱ्यावर आहे. "शेवट कळला, आता काय बघायचं?" म्हणून खिशातलं तिकीट विकून येणाऱ्यावर. अशांना सिनेमा नको असतो, निकाल हवा असतो.

अहो, शेवट कळला की कोडं मरतं. गोष्ट मरत नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चा शेवट तर नावातच फोडलेला. त्याच्याही आधी तो व्यासांनी फोडलेला. तरी १९०७ साली आलेल्या त्या नाटकाने लोक असे पेटले की १९१० साली इंग्रज सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. कीचक मरणार हे सरकारलाही ठाऊक होतं!

हिचकॉकसाहेबांचंही तेच. १९६० च्या 'सायको'ला त्यांनी उशिरा येणाऱ्यांना दार बंद केलं खरं, पण त्याआधी दोनच वर्षं, 'व्हर्टिगो'मध्ये, शेवटाच्या बरंच आधी स्वतःच गुपित सांगून मोकळे झाले होते. टेबलाखाली बाँब आहे हे आपल्याला ठाऊक असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पांनीही घाम फुटतो, हे त्यांचं गणित. ठाऊक नसेल तर नुसताच एक दणका.

आपला 'पाठलाग' घ्या. 'लाखाची गोष्ट'मध्ये हसवणाऱ्या राजा परांजप्यांनीच १९६४ साली तो काढला. ज्या बायकोला आपण अग्नी दिला, ती आरोपी म्हणून समोर उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको! पहिल्या वेळी आपण नवऱ्याच्या, म्हणजे काशिनाथ घाणेकरांच्या, बाजूने बघतो. ही खोटं तर बोलत नाही ना? शेवट ठाऊक झाल्यावर दुसऱ्यांदा बसा. आता नजर भावनाबाईंवरून हलत नाही. तेच वाक्य, तोच चेहरा. पण अर्थ निराळा. एका तिकिटाच्या सिनेमात दोन सिनेमे आहेत, आणि दुसरा फक्त शेवट ठाऊक असणाऱ्यालाच दिसतो. राज खोसलांनी १९६६ साली त्याचाच 'मेरा साया' केला. 'पाठलाग' बघितलेल्या मराठी माणसाला त्याचा शेवट तिकिटाच्या रांगेतच माहीत होता. तरी त्याने रांग सोडली नाही!

आजचा नातू फोनवर अर्ध्या मिनिटात कथानक वाचतो, "कळलं" म्हणतो आणि साठ वर्षांचा सिनेमा न बघताच निकालात काढतो. जुने सिनेमे रिळं कुजल्याने मरतात तसे या "कळलं"नेही मरतात. जिन्यातल्या त्या बोलघेवड्याने निदान सिनेमा बघितलेला तरी असायचा.

तेव्हा मंडळी, खुनी कोण ते खुशाल ऐका आणि तरीही जाऊन बसा. शेवट काय, आपल्या सगळ्यांचाच ठाऊक आहे. म्हणून कुणी मध्यंतरातच उठून जातं का?