धाडसाला जामीन कोण?

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की पन्हाळ्यावर पाठपिशव्या घेतलेल्यांची गर्दी उसळते. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी करीत पावनखिंड गाठायची! सुमारे ५० किलोमीटरची चाल, वरून पाऊस, खाली चिखल, आणि पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पूर्वी तालमीची, मंडळाची पोरे ही मोहीम आपापल्या हिमतीवर करीत. आता शेकड्यांनी माणसे पैसे भरून येतात. त्यांतली कितीतरी जन्मात पहिल्यांदाच डोंगर चढत असतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी ओसरणार नाही, हे उघड आहे.

या गर्दीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा सगळ्या शहराला अभिमान वाटला. पण बँकेत उमेद गेल्यामुळे असेल, कुठलाही व्यवहार समोर आला की जामीन कोण, हे मी आधी विचारतो. पैसे घेणारा आयोजक मुलाला सुखरूप परत आणण्याची हमी देत असतो. त्या हमीला तारण काय? पन्नास पोरांमागे जाणते किती? ओढ्याला पाणी चढले तर माघारी फिरा म्हणण्याचा अधिकार कोणाला? चार हजारांची ठेव ठेवताना चार ठिकाणी चौकशी करणारे आपण, इथे मात्र फोनवर आलेले चित्र पाहून पैसे पाठवून मोकळे होतो.

नियम नाहीत असे नाही. हिमालयात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. पुढे २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणचे उपक्रम त्यात येतात, आणि आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती पाहतो कोण? शुक्रवारी जमलेला गट शनिवारी पहाटे निघतोसुद्धा.

आणि काही विपरीत घडलेच तर धावतात ते वाडीवरचे लोक आणि पदरमोड करणारे गिर्यारोहक. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण गेले. ती काही साहसी सहल नव्हती. पण त्या दरीत दोर लावून उतरणारे महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहकच होते. म्हणजे नफा एकाच्या खात्यात आणि जोखीम दुसऱ्याच्या! प्रत्येक माणशी शुल्कातला ठरावीक वाटा या पथकांच्या दोर-स्ट्रेचरसाठी आणि वाटेवरच्या वाड्यांसाठी बाजूला काढायला काय हरकत आहे? पन्हाळ्याच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडली जातेच. पावसाळ्याचे दोन महिने तिथेच एक माणूस बसवून आयोजकांची नोंदणी तपासता येईल.