गारवा ज्याच्या त्याच्या हवेचा

नाशिकच्या बाजूस द्राक्षांची वाइन करणारे कारखाने निघाले, आणि २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांस उत्तेजन देणारें धोरणहि जाहीर केलें. मद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आज आम्हांस घालावयाचा नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें त्यास लागणाऱ्या इमारतीनें. वाइन मुरत असतां १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर गारवा लागतो. तो सर्वस्वीं यंत्रानें आणावयाचा तर विजेचा खर्च फार. मग इमारतच आपण होऊन थंड राहील अशी बांधतां येईल काय?

फ्रान्समध्यें रांस शहरीं खडूच्या खडकांतील जुन्या खाणींचींच तळघरें केलेलीं आहेत. जमिनीखालीं पंधरा-वीस हात गेलें म्हणजे उष्णतामान वर्षभर जवळजवळ एकसारखें, म्हणजे त्या गांवच्या वार्षिक सरासरीइतकें, राहतें. रांसची सरासरी ११ अंशांच्या आसपास असल्यामुळें तळघरानेंच काम भागतें. परंतु नाशिकची सरासरी २४-२५ अंश, आणि आमच्या अमरावतीकडील सुमारें २७! येथें केवळ भुयार खणून १२ अंश कसे मिळावे? परक्यांची कृति उचलली आणि तिची उपपत्ति मागें ठेवली, तर पदरीं निराशाच यावयाची.

मात्र नाशिकास दुसरी अनुकूलता आहे. तेथें द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते, आणि आरंभींच्या रात्री चांगल्या गार असतात. भिंती जाड कराव्या, रात्रीं झरोके उघडून त्या निवूं द्याव्या, सकाळीं झरोके मिटावे. छप्पर दुहेरी असावें, पश्चिमेस पडवी असावी. यंत्र अजीबात टळणार नाहीं, पण त्याचा भार पुष्कळ हलका होईल.

मोझरीस बसून आम्ही हा विचार करतों तो संत्र्यांसाठीं. मृगबहाराचें फळ फेब्रुवारी ते एप्रिल, ऊन तापूं लागलें असतां, उतरतें. ठेवावयास थंड जागा नसली कीं शेतकरी व्यापारी म्हणेल त्या भावानें माल देऊन मोकळा होतो. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्यें ओली वाळू आणि वर गवताचें वा वाळ्याचें झांकण, एवढीच त्याची रचना. माठांतील पाणी गार होतें तेंच येथील तत्त्व. पाण्याची वाफ होतांना ती उष्णता ओढून नेते, आणि आंतील उष्णतामान बाहेरच्याहून १०-१५ अंशांनीं उतरूं शकतें. कोंकणच्या दमट हवेंत हें नीट साधत नाहीं. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हांत उत्तम साधतें.

हाच विवेक घर बांधतांनाहि हवा. मातीच्या जाड भिंती दुपारचें ऊन आंत येऊं देत नाहींत. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं तीच उष्णता निजलेल्यांवर ओततो. म्हणून जुनें घर पाडण्यापूर्वीं कर्त्या मंडळींनीं एक प्रश्न अवश्य विचारावा: वैशाखांत वीज गेली, तर घरांतील वृद्ध आणि तान्हीं मुलें कोणत्या खोलींत निजतील?